आमचं जळवांचं डिपार्टमेंट

इतरांच्या ऑफिसात किस्से जमतात ते साहेबांचे, बदल्यांचे, नाहीतर कुणाचा डबा कुणी खाल्ला त्याचे. आमच्याकडे जमले ते सगळे जळवांचे. आणि खरं सांगू का, त्यातला एकही किस्सा घडत असताना आम्ही हसलो नव्हतो. हशा पिकायचा तो आठवड्याने, तोच चहाबरोबर सांगताना. भित्री माणसं एका खोलीत पंधरा-वीस वर्षं राहिली की असं साठत जातं, त्याला इलाज नाही.

खोली म्हणजे जळगावच्या एका कॉलेजातलं झूलॉजी डिपार्टमेंट. तिथला मुख्य माणूस फेगडे सर. खानदेशातली डबकी, नाले, पाझर तलाव धुंडाळायचे, जळवा आणायच्या आणि कुठली जळू कुठल्या गटातली ते तिची अंगरचना बघून ठरवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. डोळ्यांच्या जोड्या किती, अंगावरच्या वळ्या किती, तोंडात जबडे आहेत की सोंड आहे, की दोन्ही नाहीत. दुसरे नाना, आमचे लॅब अटेंडंट, धरणगावचे. तिसरी मी, मीना, असोद्याची. आधी सरांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखाली पीएच.डी., आता तिथेच शिकवते.

हे सगळे किस्से परत निघाले ते या हिवाळ्यात, धुळ्याला, एका वैद्यबाईंच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. सरांना जुनी शुगर. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. जळगावच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की कापावं लागणार, आता फक्त कुठून कापायचं ते ठरवायचंय. सर म्हणाले, "एक आठवडा द्या. जन्मभर ज्यांच्या मागे फिरलो त्यांना एकदा विचारून बघतो." सर्जनला काही कळलं नाही. आम्हाला कळलं, आणि आम्ही दोघं सरांना घेऊन वैद्यबाईंकडे आलो. त्या जळवा लावतात. जळवा त्यांना आमच्याच डिपार्टमेंटातून जायच्या.

नंबर यायला तीन तास होते. सरांचा पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळून समोरच्या स्टुलावर ठेवलेला. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही एवढ्यासाठी आम्ही बोलत राहिलो.

*

सुरुवात नानांनी केली. चौदा जळवांचा किस्सा त्यांचाच.

जळवा आम्ही काचेच्या बरणीत ठेवतो, तोंडाला पातळ मलमल आणि वर रबर. रोज सकाळी मोजायच्या हे नानांचं काम. एका सकाळी नानांनी मोजल्या तर चौदाच्या अकराच. परत मोजल्या. अकराच. मलमलीला एका कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी फट. जळूला तेवढी पुष्कळ होते, ती अंग दोऱ्यासारखं लांबवते आणि निघते.

आणि नेमकी त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा! बाहेरगावचे परीक्षक आलेले, अंगानं जाड, स्वभावानं शांत. सर मला आणि नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना सांगू नका. शोधत राहा. पाय खाली टेकवू नका."

दिवसभर आम्ही दोघं स्टुलाच्या आडव्या दांडीवर पाय घेऊन बसलो. सर मुलांना प्रश्न विचारत होते आणि उत्तर ऐकताना जमिनीकडे बघत होते. मुलांना वाटलं, आपलं एकूण एक उत्तर चुकतंय, आणि येत होतं तेही चुकायला लागलं. दुपारी एक जळू बेसिनखाली सापडली. दुसरी भिंतीवर, जळूच्या अंगरचनेच्या तक्त्यावर बसलेली. ती चित्राचाच भाग समजून तिच्यासमोर सहा मुलांची तोंडी परीक्षा होऊन गेली होती.

तिसरी काही सापडेना. संध्याकाळी परीक्षक निघाले. सरांना राहवेना. म्हणजे तो माणूस गाडीत बसणार, तीन-चार तास प्रवास करणार, आणि घरी जाऊन बूट काढणार. सर दारातच त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "सर, जरा पाय बघू." परीक्षक सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. ते इतके भारावले की त्यांनी सरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी व्हा."

पायमोजे कोरडे होते. तिसरी आजतागायत मिळालेली नाही. नाना तेव्हापासून पॅन्टच्या टोकावर पायमोजे ओढून घेतात, उन्हाळ्यातसुद्धा. मी त्यांना म्हटलं, नाना, ती केव्हाच वाळून गेली असेल. तर म्हणाले, "ताई, तू शिकेल शे, पण हाई माले इचार. ती तठेच शे."

*

सर हसले. पण हसताना स्टुलावरचा पाय हलला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी माझा किस्सा काढला.

पहिल्यांदा जळू उघडली तेव्हाची गोष्ट. आता कॉलेजात मुलांच्या हातून फाडणं बंद झालंय, ती तक्त्यावर शिकतात. माझ्या वेळी रिसर्च करणाऱ्याला तरी ते करावंच लागायचं. जळू नीट झोपवायची तर पाण्यात थेंबथेंब स्पिरिट टाकत बसायचं, अर्धा-पाऊण तास. घाई केली की ती आखडून बोराएवढी होते, मग वळ्याही मोजता येत नाहीत. मी घाई केली. पण माझी जळू आखडली नाही. उलट छान लांब, सैल पडली. मला वाटलं, आपला हात चांगला आहे.

मेणाच्या ट्रेमध्ये पुढे एक टाचणी, मागे एक टाचणी. भिंगाखाली डोकं धरलं. काळे ठिपके, घोड्याच्या नालासारखे मांडलेले. पाच जोड्या, दहा डोळे. मी भिंग खाली ठेवलं. सर मागून म्हणाले, "घाबरू नको. तिला तू दिसत नाहीस. तिला फक्त उजेड आणि सावली कळते." थोडं थांबून म्हणाले, "सध्या तू सावली आहेस."

मी पाठीवर मधोमध चीर दिली आणि आत बघायला वाकले. डाव्या हाताचा अंगठा ट्रेच्या आत होता. तेवढ्यात पुढची टाचणी मेणातून सुटली, डोकं वर आलं, डावीकडे वळलं, आणि अंगठ्यावर बसलं.

दुखलं फारसं नाही, ते दुखतच नाही. पण ती अर्धी उघडलेली होती हो. माझं रक्त तिच्या तोंडातून आत जात होतं आणि मी दिलेल्या चिरेतून बाहेर येत होतं. पोट भरत नव्हतं, म्हणून ती थांबत नव्हती. मी हात ट्रेसकट सरांपुढे धरला.

सरांनी भिंग उचललं, शांतपणे वाकले आणि म्हणाले, "बघ. पचनसंस्था किती स्पष्ट दिसतेय."

मग नखानं कड उचलून त्यांनी ती सोडवली. अंगठ्यावर तीन रेघा, मधे मिळालेल्या. तीन जबड्यांची खूण. पुस्तकातली आकृती मला पाठ करावी लागली नाही. अंगठ्यावरची खूण अजून आहे, थंडीत जरा ठसठसते.

*

आमच्या प्राचार्यांचा किस्सा छोटा आहे. ते अकरा वर्षं प्राचार्य होते आणि अकरा वर्षांत आमच्या डिपार्टमेंटचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. सह्या दारात, अभिनंदन दारात, मेमोसुद्धा दारातूनच. एकदा बाहेरून तपासणी समिती आली. त्यातल्या मॅडम म्हणाल्या, चला, ही लॅब आतून बघू. प्राचार्य उंबऱ्यावर उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला, आणि म्हणाले, "मॅडम, ही बाहेरूनच चांगली दिसते."

शेरा तसाच पडला. अहवालात लिहून आलं, प्रयोगशाळा बाहेरून चांगली.

*

आता माझ्या लग्नाचं. बाकावर सर म्हणाले, "तो फ्रिजचा सांग, वैद्यबाईंच्या पेशंट लोकांनाही ऐकू दे." शेजारी पाच-सहा माणसं बसली होती, त्यांच्यातल्या दोघी मघापासून कान देऊनच होत्या.

जळगावचा मे महिना माणसालाच सोसत नाही, जळू काय टिकणार. त्यात डिपार्टमेंटची लाईट गेलेली, दुरुस्तीला दोन दिवस. सरांनी सव्वीस जळवांची बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या घरी फ्रिज आहे ना?" मी ती बरणी असोद्याला नेली, बसमध्ये मांडीवर धरून, वर ओढणी. घरी कुणाला सांगितलं नाही. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, भाजीच्या आणि दुधाच्या भांड्याच्या मागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार आहेत हे आईनं मला सांगितलं नव्हतं. म्हणजे दोघींनीही एकमेकींपासून एकेक गोष्ट लपवली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. उन्हातून आलेल्या मुलाच्या आईला थंड पाणी हवं होतं. आमची आई गडबडीत, त्या म्हणाल्या, मी घेते ना, घरचंच आहे. आणि त्यांनी खालच्या कप्प्यातून काचेची बरणी काढली. त्यांना ते कोकम वाटलं असावं. थंडीनं गप्प पडलेल्या जळवा हाताच्या उबेनं हलल्या. सव्वीसच्या सव्वीस एकदम, त्यांच्या तळहाताच्या बाजूला.

बरणी फुटली नाही हे माझं नशीब. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि मग खाली बसल्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "दुधाच्या भांड्याजवय ठेवलं व माय तू हे? मले सांगाचं तरी!" काका उठून अंगणात गेले ते परत आत आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. हे स्थळ गेलं, आणि गावात बोभाटा झाला की पुढचीही गेली. मी कोपऱ्यात उभी राहिले. त्या वेळी मला जळवांपेक्षा माणसांची जास्त भीती वाटली.

मुलगा मात्र ओट्याजवळ आला. बरणी न उचलता वाकून बघितली. बराच वेळ बघितली. मग मला विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला असतं?"

सगळे जाड टोकाला तोंड समजतात. ते चूक. मोठी वाटी मागची, चिकटून बसायची. तोंड बारीक टोकाला. हा प्रश्न मला तोपर्यंत एकाही परीक्षकानं विचारला नव्हता. मी होकार दिला.

*

साक्रीच्या पलीकडचा किस्सा सरांनी स्वतः सांगितला, पण तिथे मीही होते, म्हणून माझ्या पद्धतीनं सांगते.

तिकडे डोंगरातल्या पाड्यांवर सोमा गावित आम्हाला जळवा धरून द्यायचा. त्याची पद्धत सोपी. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं आणि वाट बघायची. सर त्याच्या शेजारी उभे राहायचे. मी काठावर. सोमा मला म्हणायचा, "ताई, हालानं नही. ती येस आपेआप." मी काठावर होते तरी हलत नव्हते.

त्या दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. सात-आठ वर्षांची पोर, चेहरा पांढरा पडलेला. तीन आठवडे नाकातून रक्त. गावात झाडपाला झाला होता, अंगारा झाला होता. काही बायका त्या पोरीला आपल्या पोरांजवळ बसू देत नव्हत्या. तिच्यात काहीतरी शिरलंय म्हणत होत्या. आई सरांना म्हणाली, तुम्ही पाण्यातल्या जीवांचे डॉक्टर आहात ना, बघा.

सर डॉक्टर नाहीत. पण त्यांनी एकच विचारलं, "ही पाणी कशी पिते?" आई म्हणाली, झऱ्याला तोंड लावून, गुरं पितात तशी. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी पोरीला उजेडात बसवलं, तिच्या नाकाखाली थंड पाण्याचं ताट धरलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी चिमटा धरून शेजारी. मग डाव्या नाकपुडीतून काळं, ओलं टोक बाहेर आलं. पाण्याच्या वासानं हलत, शोधत. पोरीला ते दिसत नव्हतं, तिला फक्त आमचे चेहरे दिसत होते. म्हणजे तिला सगळं दिसत होतं. मी मागे सरकले आणि ते टोक परत आत गेलं. सर म्हणाले, "मीना, तू घाबरलीस तर पोर घाबरेल, आणि ती घाबरून हलली तर ही आत जाईल. थोड्या वेळानं घाबर."

अर्ध्या तासानं ते परत आलं, या वेळी जास्त लांब. सरांनी माझ्या हातावर हात ठेवून चिमटा पुढे नेला, धरलं, आणि ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. तिनं आतली पकड सोडेपर्यंत. मग ती आली. माझ्या करंगळीएवढी.

पोर रडायला लागली. सर मात्र भिंग घेऊन जळूवर वाकले. मागची वाटी केवढी, जबड्यावरचे दात किती बारीक. त्यांनी भिंग शर्टाला पुसून परत बघितलं. गुरांच्या नाकातली जळू. आपल्या भागात ती असल्याची नोंद त्यांनी कुठे पाहिली नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी नवीन मिळालं होतं.

आईनं विचारलं, "मरी गई का?"

सर म्हणाले, "नाही नाही. जिवंत आहे. हिला सांभाळून न्यायचं."

बाईनं पायातली चप्पल काढली आणि दगडावर ठेवलेली जळू ठेचली. एकदा नाही, चार-पाच वेळा. दगडावर नुसता डाग राहिला. म्हणाली, "मनी पोरनं रगत पिधं तिनी. सांभाळतस तिले?"

धुळ्यापर्यंत सर जीपमध्ये रिकामी बरणी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. मला वाटलं, रागात आहेत. धुळे आलं तेव्हा म्हणाले, "त्या बाईंनी बरोबर केलं. आपण तीस वर्षं नुसते गट पाडतो. त्यांच्याकडे दोनच गट आहेत, पोरीचं रक्त पिणारी आणि न पिणारी."

*

आता माझी चूक. ती बाकावर सांगायला मी तयार नव्हते, कारण वैद्यबाईंचं दार उघडं होतं. पण नानांनी विषय काढलाच.

सोमाकडून जळवा आल्या की त्यातल्या चावणाऱ्या, तीन जबड्यांच्या तेवढ्या निवडून वैद्यबाईंकडे पाठवायच्या, हे काम माझ्याकडे होतं. यात एक गोची आहे. जबडे खात्रीनं बघायचे तर जळू फाडावी लागते, आणि फाडली की ती लावता येत नाही. म्हणून आम्ही एका खेपेतली एक उघडून बघतो आणि बाकीच्या डोळे, वळ्या, पाठीवरचे पट्टे बघून पास करतो. एका खेपेला पेपर तपासण्याच्या घाईत मी नुसते पट्टे बघितले. डोळे मोजलेच नाहीत.

त्या सगळ्या निघाल्या बिनदातांच्या. किडे, अळ्या गिळणाऱ्या, माणसाला तोंड न लावणाऱ्या. वैद्यबाईंनी एका आजोबांच्या गुडघ्यावर पाच लावल्या, आणि त्या पाऊण तास गुडघ्यावर नुसत्या फिरल्या. आजोबा खूश. म्हणाले, "बाई, तुमचा हात काय हलका शे. कयनं बी नही!" आणि उठून चालायला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांनी गावातले आणखी तिघं आणले, तीच जळू लावा म्हणून.

सरांनी मला नऊ दिवस डोळे मोजायला बसवलं. मी चिडले होते. चावली नाही तर काय बिघडलं, असं म्हणाले होते. सर म्हणाले, "या वेळी न चावणारी गेली, म्हणून किस्सा झाला."

*

हे सांगून होतंय तोवर आतून नाव पुकारलं.

सरांना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं. वैद्यबाईंनी पट्टी सोडली. अंगठा पूर्ण काळा, शेजारची दोन बोटं निळी. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. सरांनी जन्मभर जळवांच्या बरणीत उघडा हात घातला होता. पण त्या टेबलावर पाय ठेवल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, आणि त्यांचा हात ओला होता. म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

वैद्यबाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला वेगळं काय सांगणार. जिथे रक्त पोचतंय तिथेच ती धरेल. अंगठ्याला किंवा बोटांना धरली तर मी सर्जनशी बोलते. आशा आहे."

जळवा मीच निवडून आणल्या होत्या, आदल्या दिवशी. बाईंनी एक हळदीच्या पाण्यातून काढून अंगठ्याच्या मुळाशी सोडली. तिनं डोकं उचललं, इकडेतिकडे फिरवलं, टेकवलं, उचललं. धरलं नाही. बाईंनी दुसरी सोडली. तीही बोटांवरून फिरत राहिली.

मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, माझी चूक झालेली असू दे. परत बिनदातांच्याच आणलेल्या असू देत. मोठ्यानं म्हणाले, "सर, मी बहुतेक मागच्यासारखंच केलंय. घाईत होते. या चुकीच्या आहेत, आपण उद्या दुसऱ्या आणू."

सरांनी खिशातून भिंग काढलं आणि पायावर वाकले. म्हणाले, "डोळे तर बरोबर दिसतायत."

"पण जबडे कुठे बघितलेत आपण?" मी म्हणाले, आणि त्याच खेपेतली तिसरी जळू बरणीतून काढून स्वतःच्या हातावर सोडली. मला आजही त्यांना हात लावताना कसंतरी होतं. त्या क्षणी मात्र एकच इच्छा होती, तिनं चावू नये. तिनं मनगटाच्या वर दोन बोटं जागा शोधली आणि लगेच धरलं.

सरांच्या पायावरची एक जळू टेबलावर गळून पडली. दुसरी चालत होती. पुढची वाटी टेकवायची, मागची ओढून घ्यायची. पावलावरून घोट्याकडे. घोट्यापाशी थांबली, डोकं उचललं, परत निघाली. नडगीवरून वर. मी तिच्याकडे बघत होते, सर तिच्याकडे बघत होते. गुडघ्याच्या खाली चार बोटं ती थांबली, मागची वाटी घट्ट रोवली, डोकं वाकवलं.

"लागली," सर म्हणाले.

नाना वळले. त्यांना वाटलं, काम झालं. मग त्यांनी बघितलं आणि वैद्यबाईंना म्हणाले, "बाई, भलतीच जागा धरी तिनी. काढा ना तिले. खाले ठेवा, अंगठावर."

"असू द्या नाना," सर म्हणाले. त्यांनी माझं मनगट सोडलं. "मीना, पर्समध्ये पेन असेल ना तुझ्या? तिच्या तोंडापाशी एक रेघ मार. सरळ मार, उद्या सर्जनला दाखवायची आहे."